पर्वतीय नगराभोवतीचा इतिहास : कोलोराडोतील ड्युरँगो परिसराच्या सांस्कृतिक व ऐतिहासिक स्थळांचा अभ्यास

गोषवारा :
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोराडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सॅन वान पर्वतरांगेच्या पायथ्याशी ड्युरँगो हे नगर वसले आहे. या नगराच्या सुमारे पन्नास मैलांच्या परिघात प्राचीन पुएब्लो लोकांची दगडी घरे, युट जमातीची राखीव भूमी, चांदीच्या खाणींची गावे, अरुंदमापी रेल्वे आणि लष्करी ठाण्यातून निर्माण झालेले महाविद्यालय अशी भिन्न काळांतील स्थळे आढळतात. पर्यटनाच्या प्रचलित मांडणीत ही स्थळे सुटी सुटी दाखविली जातात. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थळांचा परस्परसंबंध तपासला असून, ती कालक्रमाने पाहिल्यास भूमीच्या हस्तांतरणाचा एक सलग इतिहास हाती येतो, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : वारसास्थळे, पुएब्लो संस्कृती, युट जमात, अरुंदमापी रेल्वे, चांदीचे अर्थकारण, पर्यटन.

१. प्रस्तावना :
पर्यटन आणि इतिहास यांचे नाते जुने आहे. एखाद्या स्थळाला भेट देणारा प्रवासी तेथील इतिहास जाणून घेण्याच्या इच्छेने जातो, परंतु त्याला जे दाखविले जाते ते कोणी तरी निवडलेले असते. कोणती इमारत जतन करावयाची, कोणत्या फलकावर कोणाचे नाव लिहावयाचे आणि कोणता काळ 'सुवर्णकाळ' म्हणून सांगावयाचा, या निवडी त्या त्या काळातील समाजाच्या दृष्टिकोनातून होत असतात. म्हणूनच वारसास्थळांचा अभ्यास करताना भूतकाळाबरोबर तो भूतकाळ कसा मांडला गेला याचाही विचार करणे इतिहासाच्या अभ्यासकाला आवश्यक ठरते.

अमेरिकेच्या पश्चिम भागाविषयी आपल्याकडील सर्वसामान्य वाचकाची कल्पना बव्हंशी चित्रपटांवर आधारलेली आहे. घोडेस्वार, खाणकामगार, आगगाडीवरील दरोडे आणि ओसाड डोंगर एवढ्यापुरतेच ते चित्र मर्यादित राहते. वास्तविक हा प्रदेश ओसाड नव्हता. येथे हजारो वर्षांपासून मानवी वस्ती होती आणि युरोपीय वंशाच्या वसाहतकऱ्यांनी येथे पाय ठेवण्यापूर्वी नगररचना, शेती, जलव्यवस्थापन व आकाशनिरीक्षण यांच्या समृद्ध परंपरा निर्माण झालेल्या होत्या. ड्युरँगो परिसर हे याचे उत्तम उदाहरण होय.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :
प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) ड्युरँगो परिसरातील प्रमुख सांस्कृतिक व ऐतिहासिक स्थळांचा परिचय करून देणे.
२) या स्थळांमधील परस्परसंबंध ऐतिहासिक दृष्टीने स्पष्ट करणे.
३) या स्थळांच्या जतनामागील प्रेरणा व त्यातील उणिवा यांचा शोध घेणे.
४) या परिसराच्या अर्थकारणाचा मुंबईशी आलेला संबंध निदर्शनास आणणे.
सदर अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. भौगोलिक पार्श्वभूमी आणि नावांचा इतिहास :
ड्युरँगो हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५०० फूट उंचीवर ॲनिमास नदीच्या काठी आहे. उत्तरेस सॅन वान पर्वताची शिखरे, पश्चिमेस मेसा व्हर्डेचे सपाट माथ्याचे पठार आणि दक्षिणेस न्यू मेक्सिकोकडे उतरत जाणारा कोरडा प्रदेश अशी त्याची रचना आहे. म्हणजेच पाणी व खनिजे असलेला पर्वत आणि शेतीयोग्य पठार यांच्या सांध्यावर हे नगर वसले आहे. या परिसराचा सर्व इतिहास या सांध्याभोवती घडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथील स्थळांची नावेच इतिहासाचे साधन आहेत. 'ॲनिमास' हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ 'आत्मे' असा होतो. 'मेसा व्हर्डे' म्हणजे 'हिरवे पठार'. ही नावे स्पेनच्या सत्तेच्या काळात येथून गेलेल्या प्रवाशांची आठवण देतात. इ. स. १७७६ मध्ये दोमिंगेझ व एस्कलांते हे दोन फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक सांता फे येथून कॅलिफोर्नियाकडे जाणारा मार्ग शोधत या प्रदेशातून गेले आणि त्यांच्या रोजनिशीत येथील प्राचीन वस्तीच्या अवशेषांची नोंद झाली. स्वतः ड्युरँगो हे नाव मात्र बरेच नंतरचे आहे. मेक्सिकोतील त्याच नावाच्या नगरावरून ते रेल्वे कंपनीशी संबंधित व्यक्तींनी घेतले. न्यू मेक्सिकोतील 'ॲझ्टेक' हे नाव तर सरळ गैरसमजातून पडले. तेथील भव्य अवशेष मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांनी बांधले असावेत, अशी समजूत एकोणिसाव्या शतकातील वसाहतकऱ्यांनी करून घेतली. स्थानिक लोकांचे पूर्वज एवढे मोठे बांधकाम करू शकतील हे त्यांना पटत नव्हते. समजूत चुकीची ठरली तरी नाव कायम राहिले.

४. मेसा व्हर्डे : पुएब्लो पूर्वजांची घरे :
ड्युरँगोच्या पश्चिमेस सुमारे ३५ मैलांवर मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. इ. स. च्या सहाव्या शतकाच्या मध्यापासून तेराव्या शतकाच्या अखेरपर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षे, येथे पुएब्लो लोकांच्या पूर्वजांची वस्ती होती. प्रारंभी जमिनीत खोदलेली खोलगट घरे, पुढे पठारावरील दगडी घरे आणि अखेरच्या शंभर वर्षांत कड्यांच्या कपारींतील वस्त्या असा त्यांच्या वास्तुकलेचा क्रम दिसून येतो. उद्यानात सुमारे ५००० पुरातत्त्वीय स्थळांची नोंद असून त्यांपैकी सुमारे ६०० कड्यांतील वस्त्या आहेत.

यातील सर्वांत मोठी वस्ती 'क्लिफ पॅलेस' या नावाने ओळखली जाते. सुमारे १५० खोल्या आणि २३ किवा असा तिचा विस्तार आहे. किवा म्हणजे जमिनीखाली बांधलेली, बहुधा वर्तुळाकार दालने. धार्मिक विधी व सामुदायिक बैठकी यांसाठी त्यांचा उपयोग होत असे. 'पॅलेस' हा शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण येथे कोणी राजा राहत नव्हता. सुमारे शंभर माणसांची ही वस्ती असावी असा अंदाज आहे. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची मुख्य पिके होती व शेती पठाराच्या माथ्यावर होत असे. शेतावर जाण्यासाठी खडकात कोरलेल्या खोबणींत हातपाय रोवून कडा चढावा लागे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस हे लोक येथून निघून गेले. लाकडी तुळयांवरील वृक्षवलयांच्या अभ्यासावरून इ. स. १२७६ ते १२९९ या काळात मोठा दुष्काळ पडल्याचे सिद्ध झाले आहे. तथापि, केवळ दुष्काळ हेच स्थलांतराचे कारण होते असे मानता येत नाही. त्यापूर्वीही या लोकांनी दुष्काळ सोसले होते. वाढती लोकसंख्या, जंगलतोड, संघर्ष आणि दक्षिणेकडील नव्या सामाजिक व धार्मिक केंद्रांचे आकर्षण अशी कारणेही अभ्यासक देतात. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करणे आवश्यक आहे. हे लोक 'गूढरीत्या नाहीसे' झाले नाहीत. ॲरिझोना व न्यू मेक्सिकोतील होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठचे पुएब्लो समाज हे त्यांचे वंशज होत. त्यांच्या दृष्टीने मेसा व्हर्डे हे पूर्वजांचे घर आहे. पूर्वी रूढ असलेला 'अनासाझी' हा नावाहो भाषेतून आलेला शब्द शत्रूंचे पूर्वज अशा अर्थच्छटेचा असल्यामुळे पुएब्लो समाजाला तो मान्य नाही. म्हणून आता 'पूर्वज पुएब्लो' ही संज्ञा वापरली जाते.

५. ॲझ्टेक रुइन्स आणि चिमनी रॉक :
ड्युरँगोच्या दक्षिणेस सुमारे ३५ मैलांवर, ॲनिमास नदीच्याच काठी, ॲझ्टेक रुइन्स हे स्थळ आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या येथील पश्चिम वाड्यात चारशेहून अधिक खोल्या होत्या. चाको खोऱ्यातील महान केंद्राशी त्याचा निकटचा संबंध होता. अर्ल मॉरिस या पुरातत्त्वज्ञाने इ. स. १९१६ पासून न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या वतीने येथे उत्खनन केले. इ. स. १९२३ मध्ये या स्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, इ. स. १९३४ मध्ये मॉरिस यांनीच येथील महाकिवाची पुनर्बांधणी केली आणि इ. स. १९८७ मध्ये चाको संस्कृतीच्या जागतिक वारसास्थळात त्याचा समावेश झाला. छत असलेल्या महाकिवाच्या आत उभे राहता येते, हे येथील वैशिष्ट्य होय. अन्यत्र फक्त पाया दिसतो, येथे त्या दालनाचा मूळ आकार व अंधार अनुभवता येतो.

ड्युरँगोच्या पूर्वेस, पगोसा स्प्रिंग्जकडे जाणाऱ्या मार्गालगत, चिमनी रॉक हे दोन सुळक्यांचे डोंगरशिखर आहे. त्यासमोरील अरुंद धारेवर चाको पद्धतीचा मोठा वाडा बांधलेला आहे. वृक्षवलयांच्या आधारे त्याच्या बांधकामाचे इ. स. १०७६ व १०९३ हे टप्पे निश्चित झाले आहेत. चंद्रोदयाचे क्षितिजावरील स्थान १८.६ वर्षांच्या चक्राने बदलत असते. त्याच्या उत्तरेकडील टोकाच्या काळात चंद्र या दोन सुळक्यांच्या मधून उगवताना वाड्यावरून दिसतो. पाण्यापासून दूर व शेतीस गैरसोयीच्या अशा उंच जागी एवढे बांधकाम का केले असावे, या प्रश्नाचे उत्तर या दृश्यात असावे असे अभ्यासकांचे मत आहे. इ. स. २०१२ मध्ये या स्थळाला राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले.

६. युट जमात : भूमी आणि करार :
पुएब्लो लोकांचे स्थलांतर आणि खाणकामगारांचे आगमन यांमध्ये सुमारे सहाशे वर्षांचे अंतर आहे. पर्यटनाच्या मांडणीत हा काळ बहुधा रिकामा राहतो. प्रत्यक्षात या काळात सॅन वान पर्वत ही युट जमातीची भूमी होती. शिकार, कंदमुळे व ऋतुमानानुसार स्थलांतर यांवर त्यांचे जीवन आधारलेले असल्यामुळे त्यांनी दगडी वास्तू मागे ठेवल्या नाहीत. वास्तू नाही म्हणून इतिहास नाही, असा चुकीचा निष्कर्ष त्यातून काढला गेला.

इ. स. १८६८ च्या कराराने कोलोराडोचा पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेश युट जमातीसाठी कायमचा राखून ठेवण्यात आला होता. हे 'कायम' अवघी पाच वर्षे टिकले. सॅन वान पर्वतात सोने-चांदी सापडताच खाणमालक तेथे घुसले आणि इ. स. १८७३ च्या ब्रुनो कराराने खनिजसंपन्न पर्वतभाग युट जमातीकडून काढून घेण्यात आला. तेथे शिकार करण्याचा त्यांचा हक्क मात्र करारात मान्य केलेला होता. पुढे इ. स. १८७९ मध्ये उत्तरेकडील एजन्सीत झालेल्या उठावात नेथन मीकर हा अधिकारी मारला गेला आणि 'युट लोकांना घालवा' ही मागणी कोलोराडोत प्रबळ झाली. इ. स. १८८१ मध्ये उत्तरेकडील युट समूहांना युटा प्रदेशात हलविण्यात आले. दक्षिणेकडील समूहांजवळ राज्याच्या दक्षिण सीमेलगतची केवळ १५ मैल रुंदीची पट्टी उरली.

इ. स. १८९५ च्या हंटर कायद्याने या पट्टीचेही वैयक्तिक तुकडे पाडण्याचे ठरविले. काही समूहांनी हे वाटप स्वीकारले व उरलेली जमीन इ. स. १८९९ मध्ये वसाहतकऱ्यांना खुली झाली. विमिनुच समूहाने, इग्नासिओ या प्रमुखाच्या नेतृत्वाखाली, वाटपास नकार दिला आणि तो पश्चिमेकडे गेला. त्यातूनच आजच्या 'सदर्न युट' व 'युट माउंटन युट' या दोन स्वतंत्र जमाती निर्माण झाल्या.

या इतिहासाच्या दृष्टीने दोन स्थळे महत्त्वाची आहेत. ड्युरँगोच्या आग्नेयेस इग्नासिओ येथे सदर्न युट जमातीने उभारलेले सांस्कृतिक केंद्र व संग्रहालय इ. स. २०११ मध्ये सुरू झाले. येथे युट लोक स्वतःचा इतिहास स्वतः सांगतात. दुसरे स्थळ मेसा व्हर्डेला लागून असलेले युट माउंटन युट जमातीचे उद्यान होय. येथील कड्यांतील वस्त्या जमातीच्या मार्गदर्शकांसमवेतच पाहता येतात. मेसा व्हर्डे उद्यानाच्या सीमेसंबंधीही एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. उद्यानाच्या स्थापनेनंतर अनेक प्रमुख अवशेष प्रत्यक्षात युट जमातीच्या राखीव भूमीत येतात असे आढळले. तेव्हा जमातीची इच्छा नसतानाही वाटाघाटी करण्यात आल्या व इ. स. १९१३ मध्ये जमिनीची अदलाबदल करून ते उद्यानात घेण्यात आले. एका समाजाचा वारसा जपण्यासाठी दुसऱ्या समाजाची भूमी घेतली गेली, हा यातील विरोधाभास होय.

७. रेल्वे, चांदी आणि मुंबईची टांकसाळ :
ड्युरँगो नगराची स्थापना इ. स. १८८० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे रेल्वे कंपनीने केली. जवळच ॲनिमास सिटी हे गाव आधीपासून होते. परंतु कंपनीच्या अटी त्या गावाने मान्य केल्या नाहीत. तेव्हा कंपनीने सुमारे दोन मैल दक्षिणेस नवे नगर आखले. रेल्वे गावापर्यंत येते, हा आपल्याकडील अनुभव आहे. येथे रेल्वेने गावच निर्माण केले आणि जुने गाव कालांतराने नव्यात विलीन झाले.

इ. स. १८८१ मध्ये ड्युरँगोपर्यंत व इ. स. १८८२ च्या जुलैमध्ये सिल्व्हरटनपर्यंत लोहमार्ग पोहोचला. तीन फूट रुंदीचा हा अरुंदमापी मार्ग ४५ मैल लांबीचा असून तो ॲनिमास नदीच्या खोल घळीतून, काही ठिकाणी उभ्या कड्याला बिलगून जातो. अरुंद मापामुळे तीव्र वळणे घेणे शक्य होते व खर्चही कमी येतो. ९३०० फुटांहून अधिक उंचीवरील सिल्व्हरटन परिसरातील खनिज खाली आणावयाचे, ड्युरँगोच्या भट्ट्यांत स्थानिक कोळशावर वितळवावयाचे आणि धातू बाहेर पाठवावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेचा मुंबईशी आलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान हा जगातील चांदीचा एक प्रमुख ग्राहक होता. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे चांदीला कायमची मागणी राहत होती. मात्र जगभर चांदीचे उत्पादन वाढले, अनेक देशांनी सुवर्णचलन स्वीकारले आणि चांदीचा भाव व त्याबरोबर रुपयाचा विनिमय दर घसरत गेला. इंग्लंडला सुवर्णात द्यावयाच्या रकमांचा बोजा वाढल्यामुळे हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. ही वार्ता तारेने अमेरिकेत पोहोचताच चांदीचा भाव कोसळला आणि कोलोराडोतील अनेक खाणी काही दिवसांतच बंद पडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारला चांदी खरेदी करणे बंधनकारक करणारा इ. स. १८९० चा शर्मन कायदाही रद्द झाला. हजारो खाणकामगार बेकार झाले. सिल्व्हरटनने सोने व अन्य धातूंच्या आधारे तग धरला, तरी चांदीचा काळ संपला. येथील शेवटची मोठी खाण, सनीसाइड, इ. स. १९९१ मध्ये बंद झाली. मुंबईच्या किल्ल्याजवळील टांकसाळीसंबंधी झालेल्या निर्णयाने हजारो मैलांवरील डोंगरातील कामगाराच्या घरची चूल विझावी, हे त्या काळी जग किती एकमेकांत गुंतले होते याचे द्योतक आहे.

खनिजवाहतूक घटल्यावर या रेल्वेला पर्यटकांनी तारले. 'ए तिकीट टू टोमाहॉक' व 'बुच कॅसिडी अँड द सन्डान्स किड' यांसारख्या चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे तिची कीर्ती वाढली. इ. स. १९६१ मध्ये ही रेल्वे व सिल्व्हरटनची जुनी पेठ या दोहोंना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांचा दर्जा मिळाला. इ. स. १९८१ मध्ये हा मार्ग खासगी मालकीत गेला आणि आजही त्यावर वाफेची इंजिने धावतात. या वारशाची किंमतही आहे. इ. स. २०१८ च्या जून महिन्यात मार्गालगत लागलेल्या वणव्यात सुमारे ५४,००० एकर क्षेत्र जळाले. इंजिनाच्या ठिणग्यांमुळे तो लागल्याचा दावा केंद्र सरकारने केला व इ. स. २०२२ मध्ये त्याबाबत तडजोड झाली. कोळशाऐवजी तेलावर इंजिने चालविण्याकडे कंपनी त्यानंतर वळली.

८. स्ट्रेटर हॉटेलमधील अटक आणि वारसा कायदा :
ड्युरँगोच्या मुख्य रस्त्यावर इ. स. १८८७ मध्ये बांधलेले स्ट्रेटर हॉटेल आजही उभे आहे. लाल विटांची ही इमारत रेल्वेयुगातील समृद्धीचे प्रतीक म्हणून दाखविली जाते. परंतु तिचे खरे ऐतिहासिक महत्त्व अन्य घटनेत आहे.

डिसेंबर १८८८ मध्ये रिचर्ड वेदरिल व चार्ली मेसन या गुराखी बांधवांनी क्लिफ पॅलेस पाहिला व त्याचा 'शोध' लागल्याचे जाहीर झाले. युट लोकांना ही स्थळे आधीपासून माहीत होती आणि मृतांचे स्थान म्हणून ते तेथे जाणे टाळत, ही बाब या 'शोधा'च्या कथेत दुय्यम ठरली. इ. स. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशॉल्ड हा तेवीस वर्षांचा स्वीडिश तरुण येथे आला. त्याने वेदरिल बंधूंच्या साहाय्याने उत्खनन केले व सापडलेल्या वस्तू रेल्वेने बाहेर पाठविण्याची तयारी केली. स्थानिक लोकांचा रोष उसळला आणि त्याला स्ट्रेटर हॉटेलमध्ये अटक झाली. मात्र पुरातन वस्तू नेण्यास मनाई करणारा कायदाच अस्तित्वात नसल्यामुळे त्याला सोडून द्यावे लागले. सहाशेहून अधिक वस्तू व मानवी अवशेष स्वीडनला गेले आणि पुढे एका संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार ते फिनलंडला मिळाले.

नॉर्डेनशॉल्ड याला निव्वळ लुटारू ठरविणे योग्य होणार नाही. त्याने मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली आणि इ. स. १८९३ मध्ये मेसा व्हर्डेवरील पहिला शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच काळात इतर अनेक जण काहीही नोंद न ठेवता वस्तू उकरून विकत होते. तथापि, या घटनेमुळे कायद्यातील पोकळी उघड झाली. व्हर्जिनिया मॅक्लर्ग व ल्युसी पीबॉडी या स्त्रियांनी दीर्घकाळ चळवळ केली आणि जून १९०६ मध्ये पुरावस्तू संरक्षणाचा कायदा व मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान ही दोन्ही फलिते पदरात पडली. मानवनिर्मित कृतींच्या जतनासाठी स्थापन झालेले हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय उद्यान होय. इ. स. १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्याच यादीत त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून स्थान मिळाले.

या कथेचा शेवट इ. स. २०२० मध्ये झाला. होपी, झुनी, अकोमा व झिया या समाजांच्या प्रयत्नांना यश येऊन फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २० व्यक्तींचे अवशेष व २८ दफनवस्तू परत केल्या आणि मेसा व्हर्डे येथे त्यांचे पुन्हा दफन करण्यात आले. संग्रहातील अन्य वस्तू फिनलंडमध्येच राहिल्या. कायद्याने जे १८९१ मध्ये अडविता आले नाही, ते परत येण्यास १२९ वर्षे लागली.

९. फोर्ट लुइस : ठाणे, निवासी शाळा, महाविद्यालय :
नगरावरील टेकडीवर फोर्ट लुइस महाविद्यालय आहे. त्याचा उगम इ. स. १८७८ च्या लष्करी ठाण्यात आहे. हे ठाणे इ. स. १८८० मध्ये हेस्परस येथे हलविले गेले आणि इ. स. १८९१ मध्ये लष्कराने ते सोडल्यावर तेथे मूळ अमेरिकन मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. मुलांना कुटुंबापासून दूर आणून त्यांची भाषा, वेश व श्रद्धा पुसून टाकणे हे अशा शाळांचे धोरण होते. इ. स. १९११ मध्ये मालमत्ता राज्याकडे गेली तेव्हा मूळ अमेरिकन विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क आकारू नये अशी अट घातली गेली. ही अट महाविद्यालय इ. स. १९५६ मध्ये ड्युरँगोला आल्यानंतरही पाळली जाते.

या शाळेचे सौम्य व गौरवपूर्ण चित्र रंगविणारे फलक महाविद्यालयाच्या आवारातील मनोऱ्यावर अनेक वर्षे होते. इ. स. २०२१ मध्ये ते समारंभपूर्वक काढण्यात आले. राज्याच्या इतिहाससंस्थेने इ. स. २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फोर्ट लुइस शाळेत किमान ३१ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला होता. आपल्याच संस्थेच्या इतिहासाची अशी तपासणी एखादे महाविद्यालय करते, ही बाब उच्च शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाने विचारात घ्यावी अशी आहे.

१०. नदी : न दाखविला जाणारा वारसा :
खाणयुगाचे सर्वच अवशेष पाहण्यासारखे नाहीत. ५ ऑगस्ट २०१५ रोजी सिल्व्हरटनच्या वरील गोल्ड किंग या बंद खाणीत पर्यावरण संरक्षण विभागाचे काम सुरू असताना साठलेले सुमारे ३० लाख गॅलन आम्लयुक्त पाणी फुटून बाहेर पडले आणि ॲनिमास नदी पिवळसर नारिंगी झाली. खाली न्यू मेक्सिको व नावाहो राष्ट्रातील शेतकऱ्यांना पाणी घेणे थांबवावे लागले. इ. स. २०१६ मध्ये या खाणक्षेत्रातील ४८ जागा केंद्रीय शुद्धीकरण योजनेत समाविष्ट झाल्या. ड्युरँगोतील जुन्या भट्टीच्या जागी दुसऱ्या महायुद्धकाळापासून इ. स. १९६३ पर्यंत व्हॅनेडियम व युरेनियमवर प्रक्रिया होत असे. नदीकाठी साचलेला तेथील किरणोत्सारी गाळ इ. स. १९८६ ते १९९१ या काळात नगराबाहेर नेऊन पुरण्यात आला. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी नदी हीसुद्धा या अर्थाने एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे.

११. भेटीचा क्रम :
पर्यटक बहुधा प्रथम रेल्वे, नंतर जुनी पेठ आणि वेळ उरल्यास मेसा व्हर्डे असा क्रम ठेवतात. इतिहासाच्या आकलनासाठी हा क्रम उलट करणे इष्ट होईल. प्रथम मेसा व्हर्डे, त्यानंतर चिमनी रॉक व ॲझ्टेक रुइन्स पाहावे. मग इग्नासिओ येथील युट संग्रहालयास भेट द्यावी. त्यानंतरच रेल्वेने सिल्व्हरटनला जावे. अशा क्रमाने गेलेल्या प्रवाशाला आगगाडी ज्या घळीतून जाते ती घळ कोणाची होती, हे ठाऊक असते. अखेरीस ड्युरँगोत परतून स्ट्रेटर हॉटेल व महाविद्यालय पाहावे. उंचावरील कित्येक मार्ग हिवाळ्यात बर्फामुळे बंद राहतात, तसेच कड्यांतील बहुतेक वस्त्यांमध्ये मार्गदर्शकासमवेतच प्रवेश मिळतो, म्हणून उन्हाळा व शरदाचा आरंभ हा काळ सोयीचा ठरतो. स्प्रूस ट्री हाऊस ही सुस्थितीतील वस्ती खडक कोसळू लागल्यामुळे इ. स. २०१५ मध्ये प्रवेशासाठी बंद करण्यात आली व ती दुरून पाहावी लागते.

१२. निष्कर्ष :
प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१) ड्युरँगो परिसरातील स्थळे भिन्न काळांतील असली तरी भूमी, पाणी व खनिजे यांवरील हक्काच्या प्रश्नाने ती परस्परांशी जोडलेली आहेत.
२) दगडी वास्तू मागे ठेवणाऱ्या समाजांना पर्यटनात स्थान मिळाले, परंतु वास्तू न बांधणाऱ्या युट जमातीचा इतिहास दीर्घकाळ उपेक्षित राहिला.
३) वारसा संरक्षणाचे कायदे मूलतः जतनासाठी झाले असले तरी त्यांच्या अंमलबजावणीत स्थानिक समाजांची संमती दुर्लक्षित राहिल्याचे दिसून येते.
४) इ. स. १८९३ च्या घटनांवरून या दुर्गम पर्वतीय प्रदेशाचे अर्थकारण मुंबईच्या टांकसाळीशी निगडित होते हे स्पष्ट होते. म्हणून स्थानिक इतिहासाचा अभ्यास जागतिक संदर्भाशिवाय अपुरा राहतो.
५) गेल्या काही दशकांत अवशेषांची परतफेड, फलकांची दुरुस्ती व जमातींनी चालविलेली संग्रहालये यांमुळे इतिहासाच्या मांडणीत इष्ट बदल होत आहे.

सारांश, एखाद्या नगराभोवतीची वारसास्थळे पाहणे हा विरंगुळा असला तरी ती कोणाची होती, कोणी घेतली आणि कोणी जपली हे तीन प्रश्न विचारले म्हणजे त्याच सहलीचे रूपांतर इतिहासाच्या अभ्यासात होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीस नेताना, मग ती कोणत्याही प्रदेशातील असो, शिक्षकांनी हे तीन प्रश्न त्यांच्या हाती द्यावेत, एवढेच येथे सुचवावेसे वाटते.